चऱ्होली ते जळगाव, व्हाया लोहगाव

चऱ्होलीत राहणाऱ्या खानदेशी माणसाला दिवाळी जवळ आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: विमानाने जळगावला किती वेळ लागतो? भोसरी-चाकणच्या पट्ट्यात आमच्याकडची माणसं एवढी आहेत की सणासुदीला भोसरीहून सुटणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये मधल्या वाटेवरसुद्धा माणूस बसलेला असतो. २०२४ च्या मे महिन्यात पुणे-जळगाव थेट विमान सुरू झालं, तेव्हापासून कारखान्यात, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि सलूनमध्ये हा प्रश्न मला विचारला जातोय. मी तिन्ही वाहनांनी गेलोय: ट्रॅव्हल्स, रेल्वे आणि विमान. एका वाक्यात उत्तर देणं जमत नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

१. पडद्यावरचं अंतर विमानाचं असतं, आपलं नसतं.

मोबाइलवर शोधलं की पुणे-जळगाव अंतर ३२० किलोमीटर दिसतं. लोहगावच्या धावपट्टीपासून कुसुंब्याजवळच्या जळगाव विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली तर ते बरोबरच आहे. पण नगर, संभाजीनगर, अजिंठामार्गे गाडीने गेलात तर चारशेच्या जवळ जातं. रेल्वेने दौंड, मनमाड करत गेलात तर पावणेपाचशेच्या घरात. रेल्वेचा हा वळसा जुना आहे. दौंड-मनमाड फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि आजही पुण्याची गाडी खानदेशात जायला आधी पूर्वेला दौंड गाठते, मग उत्तरेला वळते.

नागपूरचं उदाहरण तर याहून ठळक आहे. लोहगाव ते सोनेगाव सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या थोडं वर. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारत त्यासाठी ८८१ किलोमीटर धावते आणि बारा तास घेते. उलट नाशिकचं ओझर विमानतळ लोहगावच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, १७० किलोमीटरवर. तरीही चऱ्होलीहून नाशिकला विमानाने जाण्याचा विचार शहाणा माणूस करणार नाही. का, ते पुढच्या मुद्द्यात.

२. अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही.

जळगावला जाणारं विमान एटीआर ७२. पंख्याचं. वर गेल्यावर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास चालतं. म्हणजे ३२० किलोमीटरला चाळीस मिनिटं, असा हिशेब कोणीही करेल. तिकिटावर मात्र तास-सव्वा तास लिहिलेला असतो. कारण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पलीकडे जागेवर थांबलं की संपते. त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगत जाणं आलं, पुढच्या विमानासाठी थांबणं आलं, चढण आली, उतरण आली, वाऱ्याप्रमाणे धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला वळसा घालून येणं आलं. पूर्ण वेगाने सपाट उडण्याचा वेळ त्यातला जेमतेम निम्मा.

नागपूरला जेट जातं. त्याचा वेग आठशेच्या वर. अंतर जवळजवळ दुप्पट, पण तिकिटावरची वेळ पंधरा-वीस मिनिटांनीच जास्त. हे रिक्षाच्या मीटरसारखं आहे: बसल्याबरोबर पहिल्या टप्प्याचे पैसे लागतात, मग तुम्ही पुढच्या चौकात उतरा नाहीतर जरा लांब जा. प्रवास जितका छोटा, तितका हा पहिला टप्पा महाग पडतो. नाशिकला विमानाने जाणं म्हणूनच परवडत नाही, आणि जळगाव अगदी काठावर आहे. त्याच्या पलीकडे विमान जिंकतं, अलीकडे रस्ता. एटीआरच्या जागी जेट आलं तरी जळगावला आठ-दहा मिनिटांपलीकडे फरक पडणार नाही.

हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. त्यामुळे नागपूरला जाताना पाच-सात मिनिटं वाचतात आणि येताना तेवढीच जातात. जळगाव ईशान्येला, विमानही फार उंच जात नाही, त्यामुळे इथे हा फरक जाणवत नाही.

३. लोहगाव आधी वायुदलाचं आहे, मग आपलं.

१९३९ साली इंग्रजांनी बांधलेला हा लष्करी तळ. धावपट्टी एकच, अडीच किलोमीटरच्या आसपास लांब, पूर्व-पश्चिम. कोण कधी उतरेल आणि कधी उडेल हे वायुदलाचा नियंत्रण कक्ष ठरवतो. १९९७ मध्ये सुखोई पहिल्यांदा भारतात दाखल झाली ती इथेच. चऱ्होलीकरांना हे सांगायला नको. सुखोईची जोडी डोक्यावरून गेली की फोनवर बोलणारा माणूस आपोआप थांबतो आणि आवाज विरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू होतो. नवीन भाडेकरू हे शिकायला आठवडाभर घेतो.

याचा प्रवाशाला होणारा परिणाम साधा आहे. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमान थांबतं. आत बसलेल्याला कारण सांगितलं जातंच असं नाही. वेळापत्रकात त्यासाठी थोडी मोकळी जागा आधीच धरलेली असते. म्हणूनच काही वेळा 'आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचलो आहोत' अशी घोषणा होते आणि लोक खूश होतात. दहा मिनिटं मिळालेली नसतात, राखून ठेवलेली खर्च झालेली नसतात, एवढंच. धावपट्टी एकच असण्याची दुसरी बाजू ऑक्टोबर २०२१ मध्ये दिसली. डांबरीकरणासाठी दोन आठवडे लोहगावची उड्डाणं पूर्ण बंद होती. पर्यायी धावपट्टी नाहीच, तर करणार काय.

लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव द्यावं असा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. एका बाजूला माउलींची आळंदी, दुसऱ्या बाजूला तुकोबांचं आजोळ, मधे आमची चऱ्होली. पत्ता सांगताना हे फार उपयोगी पडतं. रस्ता पार करताना अजिबात नाही.

४. तिकीट काढण्याआधी कालनिर्णय बघा.

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि कोणत्याही तिकिटाच्या अॅपवर तो सापडणार नाही.

चऱ्होलीच्या गावठाणापासून धावपट्टी सरळ रेषेत आठेक किलोमीटर. गच्चीवर उभं राहिलं तर उडालेलं विमान वळताना दिसतं. पण टर्मिनल धावपट्टीच्या पलीकडे, विमाननगरच्या अंगाला. म्हणजे आपण विमानतळाच्या पाठीमागे राहतो आणि दार पुढे आहे. तळाला वळसा घालूनच जावं लागतं. वाटा दोन. एक वडमुखवाडी, दिघी, विश्रांतवाडी आणि मग ५०९ चौकाकडून. दुसरी डी. वाय. पाटील कॉलेजच्या रस्त्याने लोहगाव गावातून. पहाटे पाचला कोणत्याही वाटेने अर्ध्या तासात पोचता येतं. सकाळी नऊला त्याच वाटेला सव्वा तास लागतो. लोहगाव गावातून जाणारी वाट कॉलेजच्या वेळेत आणि शाळांच्या बस सुटताना टाळावी. दिघीची वाट कंपन्यांच्या शिफ्ट सुटताना टाळावी.

एवढं कुणीही सांगेल. चऱ्होलीची खरी गोष्ट पंचांगात आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचं प्रस्थान होतं आणि दुसऱ्या दिवशी पालखी पुण्याकडे निघते. ती आमच्याच रस्त्याने जाते. थोरल्या पादुका, दिघी, विश्रांतवाडी. ते दोन दिवस हा रस्ता वाहनांचा नसतोच आणि नसावाही. त्या दिवसाचं तिकीट असेल तर आदल्या रात्री पलीकडे कुणाकडे तरी मुक्कामाला जावं, नाहीतर तारीख बदलावी. कार्तिक वद्य एकादशी ते त्रयोदशी, संजीवन समाधी सोहळ्याचे दिवस, आळंदीत माणसांचा सागर. तेव्हाही तेच.

आणि लग्नसराई. आळंदीत लग्न लावायला अख्ख्या महाराष्ट्रातून माणसं येतात. दाट मुहूर्ताच्या दिवशी सकाळी अकरा ते एक या वेळात वऱ्हाडाच्या गाड्या, बँडची गाडी आणि फेटे बांधलेली मंडळी यांच्यातून वाट काढणं म्हणजे विमान गमावण्याचा राजमार्ग. आमच्या शेजारच्या काकू तिकिटाच्या तारखेला मुहूर्त आहे का ते पाहूनच घरातून निघण्याची वेळ ठरवतात. त्यांना हसणारे आता त्यांनाच विचारतात.

५. विमानाच्या वेळेपेक्षा काउंटर बंद होण्याची वेळ पाठ ठेवा.

बहुतेक कंपन्यांचा सामान घेण्याचा काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो आणि गेट पंचवीस मिनिटं आधी. विमान साडेनऊला असेल तर आपलं विमान साडेआठला आहे असं समजावं.

६. काळा मसाला हातातल्या बॅगेत नको.

खानदेशी माणूस माहेरहून, आजोळहून, कुठूनही रिकाम्या हाताने येत नाही. पण मिरचीपूड आणि मसाला केबिनच्या सामानात चालत नाही. लोणच्याच्या बरणीत तेल असतं म्हणून तीही नाही. चेक-इनच्या बॅगेत, नीट बांधून, चालतं. सुकं खोबरं मात्र त्याही बॅगेत अडवलं जातं. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये मोडतं. हे ऐकल्यावर आमच्या आईचा सुरक्षा रक्षकांवरचा विश्वास कायमचा उडाला.

भरिताची वांगी बिनधास्त न्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याचा बेल्टवर काही उपयोग होत नाही, पण रांगेत उभं असताना शेजाऱ्याला सांगायला बरं असतं. केळी पिकलेली नेऊ नका. वरून बॅगांचा थर पडला की उतरल्यावर शिकरण हातात येतं.

७. एटीआरमध्ये मागची सीट चांगली.

मोठ्या विमानाची सवय झालेला माणूस पुढची सीट मागतो. एटीआरचं प्रवाशांचं दार मागे असतं आणि पुढच्या भागात सामान. म्हणजे शेवटच्या रांगेतला सगळ्यात आधी उतरतो. पंख्यांच्या शेजारच्या रांगांत आवाज सगळ्यात जास्त, तेवढ्या टाळायच्या.

जळगावला जाताना खिडकी मिळाली तर उजवीकडची घ्यावी. विमान साधारण सरळ गेलं आणि आभाळ साफ असलं तर उडाल्यावर भीमा दिसते, मग शिरूरकडची घोड नदी, मग राहुरीजवळचं मुळा धरण. पुढे गोदावरी ओलांडली की वैजापूरची काळी जमीन. आणि मग कन्नडच्या पुढे सातमाळ्याची रांग एकदम संपते आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. ट्रॅव्हल्सने कन्नडचा घाट ज्यांनी रात्री दोन वाजता ट्रकांच्या रांगेत काढलाय, त्यांनी हे एकदा तरी बघावं. ज्या वळणांवर तास जातो, ती वरून बोटभर दिसतात. पुणे समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटरवर आणि जळगाव अडीचशेच्या आसपास, हा उतार नकाशावर कळत नाही. खिडकीतून लगेच कळतो.

८. एप्रिल-मेमध्ये सकाळचं विमान.

जळगावचं ऊन आम्हाला नवीन नाही. विमानाला ते झेपत नाही. पारा ४४-४५ वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो आणि विमानाला जमीन सोडायला जास्त धावावं लागतं. जळगावची धावपट्टी सतराशे मीटरच्या आसपास. त्यामुळे भर दुपारी विमान किती वजन घेऊन उडेल याचा हिशेब काटेकोर होतो. शिवाय तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट वर येतात आणि सातमाळ्यावर विमान असं हलतं की कुठल्याही देवाला न मानणारी माणसं दोघा-तिघांची नावं घेतात. धोका नसतो. पण दुपारचं जेवण बेताचं करावं.

९. तिकीट आहे म्हणजे विमान आहेच, असं धरून चालू नका.

जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती, जळगावच्याच प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. इमारत उभी राहिली, धावपट्टी तयार झाली, आणि पुढची कैक वर्षं नियमित विमान काही आलं नाही. मग केंद्राची 'उडान' योजना आली. निम्म्या सीटांना तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजार रुपये कमाल भाडं आणि कंपनीला होणारी तूट काही काळ सरकारने भरायची, अशी तिची रचना. या योजनेतली पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ ला सुटली, त्यात सिमला-दिल्लीबरोबर आपलं नांदेड-हैदराबादही होतं. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं छोटं विमान मुंबईहून जळगावला आलं. ते बंद पडलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आलं. तेही बंद पडलं. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आलं आणि पहिल्यांदाच पुण्याशी थेट धागा जुळला.

हे रडगाणं नाही. छोट्या गावांच्या हवाई मार्गाचं अर्थकारणच असं आहे. विमानं थोडी, एक दुरुस्तीला गेलं की दुसरं मोकळं नसतं. मदतीची मुदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो किंवा बसतो. म्हणून लग्न, दहावं, कोर्टाची तारीख, मुलाखत यांसाठी जाताना मी रेल्वेचं तिकीटही काढून ठेवतो आणि विमान निघणार हे पक्कं झाल्यावरच रद्द करतो. थोडे पैसे जातात. पण एका कंपनीचा 'आपली फ्लाइट रद्द झाली आहे' हा संदेश सकाळी सहाला आला, तेव्हा साखरपुड्याला मी रेल्वेने वेळेत पोचलो होतो आणि मुलीचा मामा लोहगावला बसून होता.

१०. विमानाला रोज जायचं नसेल, तर आपल्याला त्याच्या दिवशी जावं लागतं.

रेल्वे रोज आहे, ट्रॅव्हल्स रोज आहे. विमान आठवड्यातले ठरलेले दिवस. शुक्रवारी संध्याकाळी चाकणची शिफ्ट संपवून निघणाऱ्या आणि सोमवारी सकाळी परत मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला त्यातला एखादाच दिवस सोयीचा पडतो. शनिवारची एक दिवसाची रजा वाचवायला विमान काढावं आणि ते मंगळवारी असावं, हा हिशेब जुळत नाही. नागपूरचं वेगळं. तिथे जेटच्या रोज फेऱ्या आहेत आणि रेल्वेला बारा तास लागतात, त्यामुळे विमान सरळ जिंकतं. नागपूरला विमानांची सवयही जुनी. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं रात्री नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या वाटेने परत जायची. देशाच्या मधोमध असण्याचा एवढा सरळ फायदा दुसऱ्या कुठल्या शहराने घेतलेला नसेल.

११. घरच्यांना विमानाची वेळ सांगू नये.

'साडेनऊचं विमान, पावणेअकराला जळगाव' असं सांगितलं की नाना सव्वाअकरापासून ओट्यावर येरझारा घालतात. मी हिशेब असा सांगतो: चऱ्होलीतून सात वाजता निघणार, बाराला ताटावर बसणार. पाच तास. यातले हवेतले तास किती, हे त्यांना सांगायची गरज नाही, आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. ट्रॅव्हल्सने आठ-नऊ तास लागतात, पण ते रात्रीचे, झोपेतले. दिवसाचे पाच मोजावेत की रात्रीचे नऊ, यावर आमच्या घरात दोन तट आहेत.

परतीचा हिशेब वेगळा ठेवावा. लोहगावला उतरल्यावर अॅपवरची गाडी एरोमॉल या पार्किंगच्या इमारतीपाशी मिळते, तिथपर्यंत सामान घेऊन जायचं. संध्याकाळी साडेसहाला उतरलात तर चऱ्होलीत साडेआठ.

१२. पुढचं विमानतळ कुठे होतंय यावर लक्ष ठेवा.

आमच्या पट्ट्याने विमानतळाची वाट फार वर्षं पाहिली. चाकण-खेड भागात जागा पाहिल्या गेल्या, विरोध झाला, जागा बदलल्या, डोंगरांची अडचण निघाली. शेवटी २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढे आलं. पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, उदाचीवाडी ही ती गावं. तिथल्या शेतकऱ्यांचे प्रश्न वेगळे आणि मोठे आहेत, त्यावर चऱ्होलीत बसून मी काय बोलणार. पण प्रवासाचा हिशेब मांडता येतो. पुरंदरहून जळगावचं हवाई अंतर आजच्यापेक्षा जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरने वाढेल, म्हणजे दोन मिनिटं. चऱ्होलीपासून विमानतळ मात्र पन्नास किलोमीटरच्या आसपास जाईल, तेही वाघोली किंवा हडपसर ओलांडून. घर सोडल्यापासून विमानाचं दार लागेपर्यंत साडेतीन तास धरले, तर तेवढ्या वेळात नगर रोडने निघालेली ट्रॅव्हल्स घोडेगावला चहासाठी थांबलेली असेल.